कॉलेजनं घातलेली मागणी

वऱ्हाडातल्या एका कॉलेजात विष्णुपंत फिजिक्सचे प्रोफेसर होते, आणि त्या उन्हाळ्यात फिजिक्सला ते एकटेच उरले होते. लढाई सुरू झाली आणि बाजारातून जसं घासलेट नाहीसं झालं, साखर नाहीशी झाली, तशी फिजिक्स शिकलेली तरणी माणसंही नाहीशी झाली. कोणी हवामानखात्यात गेलं, कोणी बिनतारी संदेशाच्या कामावर, कोणी दारूगोळ्याच्या कारखान्यात. सरकार पगारही भरघोस देत होतं आणि रुबाबही. लहानशा गावातलं कॉलेज त्यापुढं काय देणार? विष्णुपंतांच्या हाताखालचा लेक्चरर असाच गेला, त्याच्या जागी आलेला दुसराही वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. मग युनिव्हर्सिटीनं गोड शब्दांत कळवलं, की जूनच्या आत दुसरा माणूस नेमला नाही तर बी.एस्सी.चा फिजिक्सचा वर्ग बंद करावा लागेल.

वर्ग बंद म्हणजे प्रयोगशाळाही बंद. ती विष्णुपंतांनी स्वतः उभी केली होती. जिनिंगवाल्या शेठजींच्या ओसऱ्या झिजवून, वकिलांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून त्यांनी वर्गण्या जमवल्या आणि एकेक उपकरण विलायतेहून मागवलं. लोक आपल्या पोरांबद्दल बोलतात तसे ते उपकरणांबद्दल बोलत. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

शिकवणं आणि संशोधन दोन्हींची आवड असलेला तरुण पाहिजे, अशी जाहिरात त्यांनी दिली. अर्ज आले, पण वाचण्यासारखा एकच. तो मोगलाईतून आला होता. निजामाच्या मुलखाला वऱ्हाडात मोगलाईच म्हणत. गोरेगावकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, नाव रामकिशन. हैदराबादेत सगळं फिजिक्स उर्दूतून शिकून एम.एस्सी. झालेला, आणि प्रबंध लिहिलेला माठावर. माठातलं पाणी गार का होतं, कधी जास्त होतं आणि कधी होतच नाही. विष्णुपंतांनी आधी नाक मुरडलं. मग चाळायला म्हणून प्रबंधाचा इंग्रजी तर्जुमा हातात घेतला तो ताटातलं अन्न निवून गेलं तरी खाली ठेवला नाही. मुलगा स्वतःच्या डोक्यानं विचार करत होता, आणि जे कळलं नव्हतं ते कळलं नाही असं सरळ लिहीत होता. विष्णुपंतांच्या लेखी याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं.

त्यांनी त्याला मुलाखतीला बोलावलं. उत्तर आलं ते इंग्रजीतून, सुबक अक्षरात. आभार वगैरे मानून झाल्यावर मुलानं लिहिलं होतं, की मला येण्याची फार इच्छा आहे, परंतु माझ्या वडिलांचं मत असं पडतं की कॉलेजनं आमच्याकडे यावं.

विष्णुपंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॉलेजनं यावं म्हणजे? इमारत गाडीत घालून न्यायची की काय?" असं म्हणत ते घरभर फिरू लागले. त्यांची बायको गंगूताई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं पत्रातलं ते वाक्य पुन्हा एकदा मराठीत सांगायला लावलं आणि ती हसायला लागली.

"अहो, त्यांना मागणी हवी आहे."

"कसली मागणी?"

"घरातलं मूल दुसऱ्याच्या घरी द्यायचं म्हणजे मागणी नको? मुलीच्या बापाला कोणी पत्र पाठवतं का, की मुलगी घेऊन अमक्या तारखेला हजर व्हा, पसंत पडली तर ठेवून घेऊ? मागणारा दारात जातो."

"अगं, हा मुलगा आहे. एम.एस्सी. झालेला."

"त्या बापाला काय ठाऊक, मुलगा घराबाहेर कसा देतात? आजवर मुलीच दिल्या असतील त्यानं. त्याला जी रीत येते तीच तो करणार." एवढं बोलून गंगूताई उठली आणि ट्रंकेत एक नारळ आणि कोरं उपरणं ठेवून आली. रिकाम्या हातानं मागणी घालायला जात नाहीत, असं तिचं म्हणणं.

विष्णुपंत दोन दिवस धुसफुसले. मग प्रयोगशाळेत जाऊन एकदा सगळ्या कपाटांवरून हात फिरवला आणि निमूटपणे मोटारीचं तिकीट काढलं.

कनेरगावच्या नाक्यावर मोगलाईच्या जकातवाल्यांनी ट्रंक उपसली. शिपायानं नारळ आणि उपरणं वर काढून विचारलं, "शादी में जा रैं क्या पंतजी?" विष्णुपंत म्हणाले, नाही, एकाला नोकरी द्यायला चाललोय. शिपायानं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं, आणि ट्रंक पुन्हा पहिल्यापासून तपासली. नोकरी मागायला माणसं जातात, द्यायला नारळ घेऊन कोण जातं, हा त्याचा संशय काही चुकीचा नव्हता.

पुढं गोरेगावच्या बाजाराला निघालेल्या नेमसिंग नावाच्या गाडीवानाच्या बैलगाडीत जागा मिळाली. रामकिशनच्या वडिलांचं, ग्यानबाचं घर कुठं, असं विचारताच नेमसिंग मागं वळून बघायला लागला.

"ग्यानबाचं पोरगं पाहाय आलात का? ते मडकेवालं? आख्खा उन्हाळा निंबाखाली मडकीच तोलून राहिलं ते."

"कशासाठी तोलतो, माहीत आहे?"

"काहून तोलतं ते त्यालाच ठाव. पर पोरगं लई गुणाचं हाय, पंत. कोनाला उलटून बोलत न्हाई." नेमसिंगनं हे अशा सुरात सांगितलं, की विष्णुपंतांना आपण खरोखरच स्थळ पाहायला आल्यासारखं वाटलं.

ग्यानबाचं घर गोरेगावच्या शिवारातच, रस्त्याला लागून होतं. ओसरीवर नवी घोंगडी अंथरलेली, अंगण शेणानं सारवलेलं. ग्यानबा उंच, काटक माणूस. मिशा पांढऱ्या आणि फेटा तांबडा. त्यानं पाहुण्यांच्या पायावर पाणी घातलं, गूळपाणी दिलं. विष्णुपंतांनी गंगूताईनं शिकवल्याप्रमाणे नारळ आणि उपरणं घोंगडीवर ठेवलं. ग्यानबाचा चेहरा उजळला.

"सोता आलात, बराबर केलंत," तो म्हणाला. "न्हाई तर कागद धाडून लेकरू मागतेत का कुठं?"

विष्णुपंत रात्रभर जागून मुलाला विचारायचे प्रश्न ठरवून आले होते. उष्णतेचे दोन, प्रकाशाचे तीन, विजेचा एक अवघड. त्यातला एकही विचारायची पाळी आली नाही, कारण ग्यानबानंच सुरुवात केली.

"पंत, घरात मानसं किती?"

हा कॉलेजबद्दल विचारतोय, हे कळायला विष्णुपंतांना थोडा वेळ लागला. "फिजिक्सला मी एकटाच. हाताखालचे दोघं सोडून गेले. वर प्रिन्सिपॉल."

"सोभाव कसा त्यांचा?"

"तापट आहेत. पण मनात काही ठेवत नाहीत."

"आन् तुमचा?"

"माझाही साधारण तसाच," विष्णुपंत म्हणाले.

"पान्याचं कसं?"

"नळ आहे."

"उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यात जातो. पण आवारात विहीर आहे, तिला बारमाही पाणी आहे."

"हीर हाय तर बरं," ग्यानबा म्हणाला. मग राहायला खोली कशी, खानावळ कोणाची, आजारी पडलं तर पाहणारं कोण, शिकवून झाल्यावर ह्याच्या ह्या मडक्यांच्या कामाला फुरसत मिळेल का, असं एकेक विचारत गेला. आणि विष्णुपंतांच्या लक्षात आलं, की आपण वरपक्षाकडची माणसं करतात तेच करतोय. खोली लहान होती, ती ते हवेशीर म्हणून सांगत होते. खानावळीतल्या वरणाची तर त्यांनी अशी तारीफ केली, की ते वरण जेवणाऱ्या पोरांनी ऐकली असती तर दंगा झाला असता.

"तीन पोरी दिल्या म्या," ग्यानबा म्हणाला. "एक बी घर पुसल्याबिगर दिली न्हाई. हे तर एकलंच पोरगं. शेताला सालदार गडी हाय, तिकडली तकलीफ न्हाई. पर मानूस कोनाच्या हाती चाललं, ते तर पाहाव लागतं ना?"

ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तो रामकिशन खांबाला टेकून, खाली मान घालून उभा होता. सडपातळ, सावळा, पंचविशीचा पोरगा. धुवट सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दाखवायला आणलेली मुलगी उभी राहते, अगदी तसा तो उभा होता, आणि तिच्याइतकंच बोलत होता.

"मी यांना थोडं काही विचारू का?" विष्णुपंतांनी अखेर परवानगी मागितली.

"इचारा की. पाहायलाच आलात."

"मला नको, तुमच्या वडिलांना शिकवा," विष्णुपंत रामकिशनला म्हणाले. "माठातलं पाणी गार का होतं, ते. माझे विद्यार्थीही पहिल्या दिवशी ह्यांच्याइतकेच कोरे असतात."

सगळे निंबाखाली गेले. तिथं माठांची रांगच होती. लाल, काळे, कच्चे भाजलेले, पक्के भाजलेले. शेजारी फांदीला टांगलेला धान्याचा तराजू. रामकिशननं एका माठावर हात ठेवला, आणि ओसरीवरचा तो लाजरा पोरगा कुठं गेला कोण जाणे.

"बा, उन्हातून घामेजून आला, वाऱ्याला उभा राहिला, तर गार काहून वाटतं तुला?"

"घाम वाळतो म्हनून."

"माठाला बी घामच येतो. पाणी झिरपून भाईर येतं, वाऱ्यानं वाळतं. वाळताना त्याला ऊब लागते, ती ते आतल्या पाण्यातून घेतं. मंग आतलं पाणी गार. आता सांग, जुना माठ पाणी गार काहून करत न्हाई?"

ग्यानबानं फेट्यात बोट घालून डोकं खाजवलं. "त्याला घाम येत न्हाई?"

"काहून येत न्हाई?"

"छिद्रं बुजून गेली असतीन. खारानं."

रामकिशन एवढा खूश झाला, की जणू बाप नापास व्हायच्या बेतात होता आणि पहिला आला. पुढं तो वाऱ्याकडं वळला, सावलीकडं वळला. मध्येच जिभेवर 'तबखीर' असा हैदराबादचा शब्द यायचा, मग थांबून तो 'बाष्पीभवन' शोधून आणायचा आणि लगेच 'म्हंजी वाळणं' म्हणून तो शब्दही सोपा करायचा. दारात उभी राहून त्याची आई मनकर्णा ऐकत होती. विष्णुपंतही ऐकत होते. इतकी वर्षं शिकवून त्यांना एक गोष्ट समजली होती: चांगला शिक्षक उत्तर देत नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडून ते काढतो. हा मुलगा आपल्याला हवाच, असं त्यांनी तिथंच मनाशी पक्कं केलं. सौदा पटल्यातच जमा होता.

बिनसलं ते जेवताना.

मनकर्णानं पंतांसाठी शिधा काढून ठेवला होता आणि अंगणात वेगळी चूलही सारवून ठेवली होती. आपल्या हातचं ते कसं खातील? विष्णुपंतांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. ते थोडा वेळ त्या पीठ-तुपाकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जेवाल तेच मला वाढा. मला यातलं काही येत नाही." मनकर्णा पदराआड हसली. तिला ते आवडलं असावं, कारण तिनं त्यांच्यासाठी भाकरी ताजी टाकली.

उकाडा मी म्हणत होता. विष्णुपंतांनी कोट-सदरा काढून विहिरीवर हातपाय धुतले आणि धोतरानिशी उघडेच पानावर बसले. त्यांच्या जानव्याला किल्ल्यांचा मोठा जुडगा होता, तो हलताना खुळखुळ वाजत होता. मनकर्णा वरण वाढायला वाकली आणि थांबली.

"ह्या कशाच्या किल्ल्या म्हनावं, पंत?"

"प्रयोगशाळेच्या. कपाटांच्या."

"मंग तितली कपाटं आज कोन उघडून राहिलं?"

"कोणी नाही. मी नसताना ती उघडत नाहीत."

"तुमच्या हाताखालचे ते दोघं होते, त्यांच्यापाशी होत्या का?"

"छे," विष्णुपंत अभिमानानं म्हणाले. "फार नाजूक वस्तू आहेत, बाई. लागेल ते मी स्वतः काढून देत असे."

मनकर्णानं वरणाचं भांडं खाली ठेवलं. "ते काहून गेले म्हनला तुमी?"

"लढाईमुळं. तिकडं पगार मोठे."

"लढाईमुळं न्हाई गेले," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माझ्या सासूच्या कमरेला असाच जुडगा होता. गूळ पायजे, मागा. त्याल पायजे, मागा. देत न्हवती असं न्हाई, द्यायची. पर दर येळी मागा लागायचं. सासू मरून गेली, म्या म्हातारी व्हत आले, अजून कोठीच्या दाराला हात लावताना वाटतं मागं कोनी हाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "ह्या घरात लेकरू द्यायचं न्हाई." आणि आत गेली.

ग्यानबानं भाकरीचा घास तसाच हातात धरला. "पंत," तो ओशाळून म्हणाला, "इचारायचं काम माझं हाय. हो-न्हाई तिचंच असतं."

विष्णुपंत कसेबसे जेवले. एवढ्या लांब यायचं, नारळ ठेवायचा, विहिरीचं पाणी सांगायचं, आणि शेवटी सासू म्हणवून घ्यायचं. बाजार उठला की नेमसिंगची गाडी परत निघणार होती. तोवर बसायचं कुठं म्हणून सदरा चढवून ते निंबाखाली बाजेवर जाऊन बसले, ते मनातल्या मनात भांडत. उपकरणं फुटली तर नवी कोण देणार? एकानं भिंग फोडलंच होतं. दुसरा तर सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा मागायला घरी आला होता. सोमवारी या, म्हणून सांगितलं त्याला. त्यात काय चुकलं? तो सोमवारी आला नाही. त्यानंतर त्यानं कधीच काही मागितलं नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याचा राजीनामा आला. तो राजीनामा वाचताना विष्णुपंत लढाईला शिव्या देत होते.

रामकिशन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि थोडं अंतर ठेवून जमिनीवर बसला. आईच्या बोलण्याबद्दल त्यानं माफी मागितली नाही, हे विष्णुपंतांच्या नजरेतून सुटलं नाही.

"त्या काळ्या माठाचं काय?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं. "त्यावर खूण केलीय तुम्ही."

"तो मला फसवतो, सर," रामकिशन म्हणाला. "सगळ्यांहून जास्त पाणी घालवतो, आणि तरी सगळ्यांहून कमी गार होतो. मला वाटतं त्याची छिद्रं मोठी आहेत. पाणी वाळायच्या आधीच ओघळून जातं. मग वाळलेलं किती आणि ओघळलेलं किती, हे वेगळं मोजायला हवं. लहान लहान खापऱ्या घेऊन करता येईल. पण हा तराजू ज्वारीचा. त्याला एवढं बारीक कळत नाही."

"बरोबर आहे तुमचं," विष्णुपंत एकदम पुढं सरकले. राग कुठल्या कुठं गेला. "खापरीला खालून टिपकागद लावायचा, ओघळलेलं त्यात येईल."

"मी कापूस म्हणणार होतो. टिपकागद चांगला." मुलाचे डोळे चमकले, आणि मग त्यानं खाली बघत विचारलं, "तुमच्याकडं बारीक तराजू आहे का, सर?"

होता की. काचेच्या पेटीतला, केसाचं वजन सांगणारा. विष्णुपंतांनी तो आणला तेव्हा गावातली माणसं बघायला लोटली होती. गेल्या कित्येक वर्षांत त्यावर काही तोललं गेलं नव्हतं, खराब होईल म्हणून.

"आहे," ते म्हणाले.

"मला कधी वापरता येईल?"

शनिवारी दुपारी, मी असताना. हे वाक्य विष्णुपंतांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी आधीच्या दोघांनाही ऐकवलं होतं, याच शब्दांत. समोर हा पोरगा ज्वारीच्या तराजूशी आख्खा उन्हाळा झगडत होता, आणि तिकडं तो तराजू काचेआड बसला होता. विष्णुपंतांना एकाएकी फार लाज वाटली. ते उठले आणि घराकडं चालू लागले. रामकिशन मागोमाग आला.

मनकर्णा चुलीपाशी भांडी आवरत होती, ग्यानबा दारात बसून दावं वळत होता. विष्णुपंत उंबऱ्याशी उभे राहिले आणि सदऱ्यात हात घालून जानव्याला बांधलेल्या जुडग्याची गाठ सोडवू लागले. ती सुटेना. इतक्या वर्षांत घामानं आणि पाण्यानं तिचा दगड झाला होता. ग्यानबानं मदतीला म्हणून विळा पुढं केला, मग जानवं आहे हे ध्यानात येऊन घाईघाईनं मागं घेतला. विष्णुपंत नखांनी, दातांनी झटत राहिले. आत मनकर्णाचं भांडी घासणं थांबलं होतं. गाठ सुटली तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

जुडग्यातून दोन किल्ल्या त्यांनी वेगळ्या काढल्या. "ही तराजूच्या कपाटाची," ते म्हणाले. "आणि ही मागच्या लहान खोलीची. ती खोली त्याची. मला आत जायचं तर मी दार वाजवीन. बाकीच्या एकदम देववत नाहीत, बाई. खोटं सांगत नाही. पण देईन." त्यांनी किल्ल्या पुढं केल्या. "ते दोघं चांगले होते. ते गेले ते माझ्यामुळं. हा गेलेला मला सोसायचा नाही."

मनकर्णानं हात पुसले आणि किल्ल्या घेतल्या. बराच वेळ तळहातावर धरून ती त्या बघत राहिली.

"झालं की," ग्यानबा आनंदून म्हणाला. "आता काही राहिलं न्हाई. रामकिशन, गूळ आन भाईर, पंतांचं तोंड गोड करू."

"थांबा," मनकर्णा म्हणाली.

ग्यानबा उठता उठता थांबला. "आता काय राहिलं?"

"तुमी घर पुसलं, हीर पुसली. पंतांनी माठ पुसले. लेकराला कोन पुसलं?"

विष्णुपंतांनी मुलाला पारखलं होतं, मनानं घेऊनही टाकलं होतं. यायचंय का, असं मात्र त्याला त्यांनी विचारलं नव्हतं. पत्रात लिहिलंय म्हणजे आलंच, असं ते धरून चालले होते.

"मला कोनी पुसलं न्हवतं," मनकर्णा म्हणाली. "आपल्या पोरींला आपन पुसलं न्हाई. तिघी बी गाडीत बसताना माझ्याकडं पाहात होत्या, आन म्या त्यांच्याकडं न पाहाता शिदोरी बांधत होते. त्याला तरी पुसू." मग ती लेकाकडं वळली. "तुला जायचं हाय का, रामकिशन? बा म्हनतो म्हनून न्हाई, पंत आले म्हनून न्हाई. न्हाई म्हनला तरी कोनी रागावनार न्हाई. म्या रागावू देनार न्हाई."

रामकिशननं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या डोळ्यांत बघून उभा होता.

"जायचंय, माय," तो म्हणाला. "लई जायचंय."

मनकर्णानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून विष्णुपंतांना स्पष्ट दिसलं, की तिला दुसरं उत्तर हवं होतं. ते यावं म्हणून ती आतून आस लावून होती, आणि तरीही तिनं विचारलं होतं. विष्णुपंतांनी जन्मभर परीक्षा घेतल्या, पण असा प्रश्न त्यांनी कधी कोणाला घातला नव्हता.

तिनं लेकाच्या हातात किल्ल्या ठेवल्या आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटली. "मंग जा. दिवाळीला मातर यायचं. पहिली दिवाळी माहेरीच करतेत."

"दिवाळीला मी स्वतः आणून सोडीन," विष्णुपंत म्हणाले.

"आनून सोडायचं नसतं, पंत," ग्यानबा म्हणाला. "बाप जातो आनायला. तिन्ही पोरींला म्याच आनलं पहिल्या दिवाळीला. गाडी जुपायची, आन सांच्यापारी..." दिवसभर एवढे प्रश्न विचारणारा तो माणूस दाव्याचं टोक हातात घेऊन नुसता बघत बसला. मनकर्णानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि ती गूळ आणायला आत गेली.